मला उठवत नाही

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी साडेसात ते नऊ इंग्रजीचा वर्ग घेते. शाळकरी मुलांचा नव्हे, कामावरून थेट येणाऱ्या माणसांचा. अंबडच्या कारखान्यातला एक सीएनसी ऑपरेटर, एक नर्स, पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रं बघणारी एक मुलगी, कॉलेज रोडच्या हॉटेलातला एक कॅप्टन आणि गंगापूर रोडकडून येणाऱ्या एक काकू. काकूंना नोकरीसाठी इंग्रजी नको आहे. त्यांची नात परदेशात वाढते आहे आणि तिच्याशी फोनवर पाच मिनिटांच्या वर बोलता यावं, एवढंच त्यांना हवं आहे. वर्गात येण्याची जी जी कारणं मी आजवर ऐकली, त्यांत मला हे सगळ्यांत मोठं वाटतं.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी फळ्यावर 'आय कान्ट कम टुमॉरो' एवढंच लिहिलं आणि म्हटलं, हे आपापल्या घरी जसं बोलाल तसं मराठीत सांगा. भाषांतर नको, बोलणं हवं.

ऑपरेटर म्हणाला, "उद्या काही जमायचं नाही, मॅडम."

नर्स म्हणाली, "मी उद्या येऊ शकत नाही."

पॅकहाउसवाली म्हणाली, "मला उद्या येता येणार नाही."

आणि काकू गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्या काही माझ्यानं येववणार नाही, बाई."

मी चारही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि थोडा वेळ त्यांच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे. कॅन म्हणजे शकणे, हे मी किती जणांना सांगितलं असेल. पण माझ्या समोरच्या चार माणसांपैकी तिघांच्या तोंडात शकणे आलंच नव्हतं.

जमणं म्हणजे गोळा होणं. शिफ्ट, रजा, बस, घरची माणसं, हे सगळं एका ठिकाणी जमलं तर येणं जमतं, नाही तर नाही. यात माणसाचा दोष नाही आणि कर्तबही नाही. येता येणं यात एक वाट आहे. ती बंद असेल तर येता येत नाही, आणि कौशल्य नसेल तरीही येत नाही: मला पोहता येतं, शिवता येतं, मोडी वाचता येत नाही. कौशल्य आपल्याकडे चालत येतं, अशी या भाषेची समजूत आहे. आणि येववणं? ते शरीराचं आणि मनाचं. रस्ता मोकळा आहे, सवड आहे, कसं यायचं तेही ठाऊक आहे, पण गुडघे नाही म्हणतात. शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. रूप अगदी प्रयोजकासारखं. 'आई बाळाला चालवते' यात आई करवून घेते, आणि 'बाळाला आता चालवतं' यात बाळाचे पाय त्याला साथ देतात.

चारांपैकी फक्त 'शकणे' असलेल्या वाक्यात 'मी' कर्ता म्हणून उभा आहे. बाकी ठिकाणी 'मला' किंवा 'माझ्यानं'. इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी आय पुढे येऊन उभा राहतो, गुडघे दुखत असोत की बस चुकलेली असो.

मग मी त्यांना एक वाक्य दिलं: मला पोहता येतं, पण आज पोहवत नाही, आणि उद्या काही जमणार नाही. सांगा इंग्रजीत. सगळ्यांनी तीनदा कॅन आणि कान्ट घातलं आणि वाक्य स्वतःलाच खोडून काढू लागलं: पोहू शकतो, पण पोहू शकत नाही. मग आम्ही बसून ते सोडवलं. पहिल्याला कॅन चालतं. दुसऱ्याला इंग्रजी माणूस 'आय डोन्ट फील अप टू इट' असं काहीसं म्हणतो. तिसऱ्याला 'आय वोन्ट बी एबल टू मेक इट'. तीन मराठी क्रियापदांना इंग्रजीत तीन वेगवेगळे रस्ते. मधल्या 'पोहवत नाही'ला तर इंग्रजीत स्वतःचं एक रूपच नाही, दरवेळी आडवळणानं जावं लागतं. 'मला ते बघवत नाही' हे घ्या. डोळे धड आहेत, दिसतंही आहे, पण आतून कोणी तरी मान फिरवतं. इंग्रजीला तिथे सोसण्याचं क्रियापद मदतीला आणावं लागतं.

हे -वत रूप आमच्या गल्लीतल्या मुलांच्या तोंडून मला आता फारसं ऐकू येत नाही. 'मी नाही चालू शकत' म्हणतात, तेही हिंदीच्या चालीवर. आजीला जिना चढवत नाही, हे वाक्य त्यांना कळतं, पण स्वतःबद्दल बोलताना सुचत नाही. मला याचं वाईट वाटतं. दमलेल्या पायांसाठी आपल्याकडे एक वेगळं व्याकरण आहे आणि आपण ते हातानं सोडून देतो आहोत.

त्या रात्री वर्ग सुटल्यावर मी कॅनचं मूळ पुन्हा काढून बघितलं. पूर्वी वाचलेलं होतं, पण या चार वाक्यांच्या शेजारी ठेवून नव्हे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ जाणणे असा होता. 'आय कॅन स्विम' म्हणजे मी पोहणं जाणतो. इंग्रजीतलं नो म्हणजे जाणणे, संस्कृतातला ज्ञा धातू आणि आपलं जाणणे ही सगळी त्याच्याच कुळातली. म्हणजे कॅनचं खरं नातं शकणेशी नसून 'मला येतं'शी आहे. काकूंच्या गुडघ्यांशी त्याचा मुळात संबंधच नव्हता. ते ओझं त्याच्यावर नंतर आलं.

बळाचं क्रियापद दुसरंच होतं: मे. त्याचा जुना अर्थ समर्थ असणे, अंगात ताकद असणे. माइट हे त्याचं भूतकाळाचं रूप, आणि बळ या अर्थाचं माइट हे नाम त्याच घरातलं. सर्व बळ एकवटून या अर्थी 'विथ ऑल माय माइट' आजही म्हणतात. आज इंग्रजीतला सगळ्यांत हलका अंदाज ज्या शब्दानं बांधतात, 'इट माइट रेन', त्या शब्दाच्या पोटात एके काळी ताकद होती. आपल्याकडेही हेच घडलं आहे. शक् या एका धातूपासून शक्ती आली, शक्य आलं, शकणं आलं आणि शक्यताही. अंगात बळ असणं आणि एखादी गोष्ट होण्याजोगी असणं यांना दोन्ही भाषांनी एकाच मुळावर वाढवलं.

कुडच्या एलचीही गंमत आहे. विल आणि शॅलमध्ये एल आहे, म्हणून वुड आणि शुडमध्येही तो आला. कॅनमध्ये एल नाहीच. तरी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास केवळ शेजाऱ्यांचं बघून कुडच्या स्पेलिंगमध्ये एल घुसला आणि बसला. ऑपरेटर तो दरवेळी उच्चारतो. मी आता त्याला रागवत नाही, फक्त ही गोष्ट सांगते.

फेब्रुवारीत आप्पांना झटका आला.

आप्पा म्हणजे माझे वडील, वय एक्क्याऐंशी. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर रोज पहाटे उठून गंगेवर जायचे. आम्ही पंचवटीतली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. त्या दिवशी पहाटे ते उठले, पाणी प्यायला पेला उचलला आणि तो हातातून निसटला. मला वाटलं, थंडीनं हात आखडला असेल. 'जरा पडा' म्हटलं, पांघरूण घातलं. साडेसातला हाक मारली तेव्हा तोंड वाकडं झालं होतं आणि शब्द फुटत नव्हता. उजवी बाजू गेली होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये माझा भाऊ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "पाचलाच आणता आलं असतं." रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्याला तोवर कुणी तरी सांगितलं होतं. मी काही बोलत नव्हते, पण माझ्या डोक्यात तेच वाक्य इंग्रजीत चाललं होतं: वुई कुड हॅव ब्रॉट हिम. कुड हॅव हे मी वर्गात किती थंडपणे शिकवत आले होते! हातात होतं, पण केलं नाही. शक्य होतं, पण घडलं नाही. फळ्यावर त्याचं उदाहरण म्हणून मी नेहमी चुकलेली बस घेते.

डॉक्टर आले. तिशीतला मुलगा असेल. त्यानं आधी विचारलं, "आजोबांना शेवटचं अगदी बरं कधी बघितलं होतंत?" रात्री दहाला, मी म्हटलं. मग त्यानं समजावलं की झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर वेळ पहाटेपासून धरत नाहीत, शेवटचं धड पाहिलं तेव्हापासून धरतात. "झटका रात्रीच कधी तरी आला असेल," तो म्हणाला. "बाराच्या सुमारास आला असेल. तुम्ही पाचला निघाला असतात तरी वेळ उलटलेलीच असती."

आणता आलं असतं. आला असेल. दोन्हीकडे असणेच, पण एकात घडलेलं उलटवायची धडपड आहे आणि दुसऱ्यात न दिसलेलं समजून घ्यायची. इंग्रजीत पहिल्याला कुड हॅव आणि दुसऱ्याला मे हॅव. माइट हॅव दोन्हीकडे चालतं आणि म्हणून ते वापरताना जपावं लागतं. पहाटे हात आखडला असेल म्हणून मी स्वतःची समजूत घातली होती, ते असेल चुकीचं निघालं. पण डॉक्टरच्या असेलनं आम्हाला त्या कॉरिडॉरमधून उठवलं. भाऊ त्यानंतर 'असतं' म्हणाला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

नवव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर खाली इंग्रजीत एक ओळ होती: पेशंट मे नॉट रिगेन फुल यूज ऑफ द राइट हँड. भावानं ती मोठ्यानं वाचली. आत्यानं विचारलं, "म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "हात परत येणार नाही." आत्या तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली.

मी कार्ड हातात घेतलं. आपल्या लोकांना हे वाक्य असं का ऐकू येतं ते मला कळत होतं. शाळेच्या पहिल्या वर्गापासून मे म्हणजे परवानगी. दारात उभं राहून 'मे आय कम इन टीचर' म्हणत आपण वाढलेलो. मग मे नॉट म्हणजे परवानगी नाही, बंदी. एखाद्या फाटकावर 'व्हिजिटर्स मे नॉट एंटर' लिहिलेलं असेल तर तो अर्थ बरोबरच आहे. पण या ओळीत मे परवानगीचा नव्हता, शक्यतेचा होता. आणि इथे इंग्रजीत नकार कुठे चिकटतो यावर सगळं अवलंबून असतं. कॅनॉटमध्ये नॉट शक्यतेलाच मारतो: येणं शक्य नाही. मे नॉटमध्ये शक्यता जिवंत राहते आणि नॉट तिच्या पुढे जाऊन येण्याला लागतो: न येणं शक्य आहे. न येणं शक्य आहे, म्हणजे येणंही शक्य आहेच. शिवाय त्या ओळीत फुल हा शब्द होता. पूर्ण वापर कदाचित येणार नाही. थोडा येईल की नाही, याबद्दल ती ओळ काहीच म्हणत नव्हती.

हे मी आत्याला व्याकरणातून कसं सांगणार? मी काउंटरपाशी उभ्या त्या डॉक्टरकडे गेले आणि विचारलं, "हाताचं काय धरायचं आम्ही?"

तो म्हणाला, "येईलही, नाहीही येणार. आत्ता सांगता येत नाही. पण व्यायाम रोज करायचा."

आत्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "कोणते व्यायाम?"

येईलही. त्या 'ही'कडे मी त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. आपण येतोही, जातोही असं सर्रास बोलतो. पण भविष्यकाळाच्या क्रियापदाला तो चिकटला की त्या क्रियापदाच्या शेजारी त्याचं उलटं क्रियापद न बोलता येऊन बसतं. इंग्रजीच्या मे नॉटचं याहून नेमकं मराठी मला अजून सापडलेलं नाही.

वर्ग तीन आठवडे बंद होता. मार्चमध्ये सुरू केला तेव्हा पॅकहाउसवाली मुलगी एका मेलची प्रिंट घेऊन आली. निर्यातीचा हंगाम जोरात होता, अवकाळी पावसाचं सावट होतं, आणि तिनं रॉटरडॅमच्या ग्राहकाला कळवलं होतं: द शिपमेंट कॅन बी डिलेड. ग्राहकानं उलट विचारलं होतं की तुमच्याकडे असा उशीर नेहमी होतो का. तिला कळेना, आपण तर चांगलं आगाऊ कळवलं होतं.

चूक एका शब्दाची होती. होकारार्थी वाक्यात कॅन हा एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगतो. 'हेल कॅन रुइन अ व्हिनयार्ड': गारपिटीनं बाग जाऊ शकते, कधीही, कुठेही, हा गारपिटीचा गुणच आहे. पण आज, या खेपेला, या कंटेनरच्या बाबतीत काय होईल याचा अंदाज सांगायला कॅन चालत नाही. तिथे मे, माइट किंवा कुड हवा. तिच्या वाक्याचा अर्थ झाला होता: आमच्याकडच्या खेपांना उशीर होत असतो. मराठीतलं 'होऊ शकतो' दोन्हीकडे चालतं, म्हणून आपली माणसं हमखास इथेच घसरतात.

मी तिला विचारलं, "तुझे वडील पावसाबद्दल कसं बोलतात?" तिच्या घरची निफाड तालुक्यात बाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत त्या घराचं लक्ष आभाळाकडे असतं. तयार मण्यांवर पाऊस पडला की मणी तडकतात आणि निर्यातीचा माल बाजारभावानं द्यावा लागतो. ती आठवून सांगू लागली. "पावसानं मणी तडकतात, असं म्हणतात. तडकू शकतात, असं नाही म्हणत. आणि संध्याकाळी बाहेर येऊन म्हणतात, आज येईलसं वाटतं. नाही तर म्हणतात, नेम नाही. आईला सांगतात, बेदाण्यावर कागद टाक, न जाणो."

मी खडू खाली ठेवला. तडकतात म्हणजे कॅन. येईलसं वाटतं म्हणजे मे. न जाणो म्हणजे माइट. निफाडच्या त्या शेतकऱ्यानं शकणे न वापरता सगळा धडा सोडवून ठेवला होता. आणि न जाणोमध्ये तर तेच जाणणं होतं जे कॅनच्या मुळाशी आहे. इंग्रजीनं जाणण्यातून शकणं काढलं, आपण न जाणण्यातून शक्यता काढली. हे मी वर्गात बोलून दाखवलं तेव्हा हॉटेलातला कॅप्टन, जो एरवी मागच्या बाकावर मोबाइल बघतो, म्हणाला, "मॅडम, हे लिहून द्या."

काही पुस्तकांत मे म्हणजे पन्नास टक्के आणि माइट म्हणजे तीस टक्के असे तक्ते असतात. मी ते शिकवत नाही. बोलण्यात इंग्रजी माणूस बहुतेक वेळा माइटच म्हणतो, टक्के मोजून नव्हे. पाऊस येईल, येईलही, येईलसं वाटतं, काय सांगावं येईलही, यांची टक्केवारी आपण तरी कुठे करतो?

घरी फिजिओथेरपीची मुलगी एक दिवसाआड यायची. एप्रिलपर्यंत आप्पांचे शब्द थोडे परतले होते. हो, नाही, पाणी, चहा, माझं नाव. जे समोर आहे तेवढंच. ती मुलगी त्यांना कॉटच्या कडेला बसवायची आणि विचारायची, "आजोबा, उठता येतंय का?" ते मान हलवायचे. ती पुन्हा विचारायची, "उठता येत नाही?" ते पुन्हा मान हलवायचे, पण कपाळावर आठी. मला वाटायचं, दुखतंय. एके दिवशी तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "उठता येत नाही का आजोबा?" आणि त्यांनी डावा हात कॉटवर आपटला. ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

"उठ... वत नाही."

ती मुलगी म्हणाली, "हो, तेच म्हणतेय मी."

ते तेच नव्हतं. एक्क्याऐंशी वर्षं रोज उठलेल्या माणसाला उठता येत नाही असं कसं म्हणायचं? त्यांना उठता येत होतं. उठणं त्यांना पुरतं ठाऊक होतं. फक्त त्यांच्यानं उठवत नव्हतं. दोन महिन्यांत त्यांनी जोडलेलं ते पहिलं क्रियापद होतं आणि ते त्यांनी चुकीची दुरुस्ती करायला वापरलं. मी आत जाऊन रडले. मग बाहेर येऊन त्या मुलीला म्हटलं, "तू त्यांना उठवतंय का असं विचारत जा." तिनं दुसऱ्या खेपेपासून तसंच विचारलं, आणि कपाळावरची आठी गेली. हे इंग्रजीत सांगायची वेळ आली तर मी कसं सांगेन यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ही नोज हाउ टू गेट अप, बट ही कान्ट. तरी त्यातला कान्ट मला पुरेसा वाटत नाही.

वर्गात तेव्हा बी एबल टू चाललं होतं. कॅनला भविष्यकाळ नाही. 'आय विल कॅन' असं होत नाही. इंग्रजीतली ही सहायकारी क्रियापदं एकापुढे एक लावता येत नाहीत, त्यामुळे उद्याचं शकणं सांगायचं तर कॅनला बाजूला होऊन एबलला जागा द्यावी लागते. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण शकेन, जमेल, येईल, उठवेल, आपल्या चारही क्रियापदांना उद्या आहे. एबल इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे लॅटिनमधला एक शब्द आहे, त्याचा अर्थ हातात सहज धरता येण्याजोगा. धरणे या क्रियापदापासून निघालेला. हे मी शिकवायला बसले की आप्पांचा पेला आठवतो. मे महिन्यात त्यांनी उजव्या हातानं तो रिकामा पेला धरला, उचलला मात्र नाही. ही वॉज एबल टू होल्ड द कप, मी वर्गात फळ्यावर लिहिलं आणि कुणाबद्दल ते सांगितलं नाही. काकूंना कळलं असावं. त्यांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या वाक्यात कुड का चालत नाही, हा प्रश्न नर्सनं विचारला. चांगला प्रश्न होता. कुड हा पूर्वीच्या सवयीच्या शकण्याला आहे: तरुणपणी त्यांना गंगा पोहून पार करता यायची. एकदाच, ठरावीक वेळी, धडपड करून जे साधलं, त्याला वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. दिसणं, ऐकू येणं अशा क्रियापदांना एका वेळेपुरताही कुड चालतो, आणि नकारात तर कुडन्ट दोन्हीकडे चालतो. मराठीत हा भेद आधीपासून आहे आणि आपण तो कधी चुकत नाही: पोहता यायचं, आणि पोहता आलं. यायचं म्हणजे कुड, आलं म्हणजे वॉज एबल टू. मी जुलैत पुरावर निबंध लिहायला दिला तेव्हा या एका ओळीनं सगळ्यांचे निबंध सुधारले. बहुतेकांनी २०१६च्या ऑगस्टमधला पूर घेतला होता. ऑपरेटरनं लिहिलं होतं की त्या दिवशी त्यानं सराफ बाजाराजवळून काकाची स्कूटर पाण्यातून ओढून काढली. आधी आय कुड सेव्ह लिहिलं होतं, मग खोडून आय वॉज एबल टू सेव्ह केलं. शेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: वाचवता आली.

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला. त्र्यंबककडे जोर होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुपारी ते वाढवलं, घाटावरची दुकानं हलली आणि भोंग्यावरून सूचना सुरू झाल्या. सहाच्या सुमारास काकूंचा फोन आला. इंग्रजीतच म्हणाल्या, "आय कान्ट कम टुडे."

मी विचारलं, "येववत नाही, की येता येत नाही?"

"येता येत नाही, बाई. पूल बंद केलाय. गुडघे आज बरे आहेत."

मी सगळ्यांना वर्ग नसल्याचं कळवलं. आप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. तोवर ते काठी आणि माझा खांदा धरून खोलीतल्या खोलीत चालू लागले होते, बोलणंही वाढलं होतं, पण अजून समोरचंच: चहा निवला, पंखा कर, दार वाजलं. घाट आमच्या खिडकीतून दिसत नाही. पाण्याचा आवाज मात्र येतो. ते बराच वेळ कान देऊन बसले होते. गंगेला पूर आला की नाशिकची माणसं फुटात विचारत नाहीत, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते विचारतात. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी ती उंच मूर्ती हेच आमचं माप. गुडघ्याला आलं, कंबरेला आलं, गळ्याशी आलं.

आप्पा खिडकीकडे बघतच म्हणाले, "मारुतीच्या... कंबरेला लागलं असेल."

मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघितलं. फेब्रुवारीपासून त्यांनी न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नव्हता. मी छत्री घेतली आणि गल्लीच्या टोकाला पळत गेले. लोक उभे होते. पाणी कंबरेच्या वर, छातीकडे सरकत होतं. परत येऊन मी त्यांना सांगितलं, "कंबर बुडाली, आप्पा. छातीला टेकतंय."

त्यांनी मान डोलावली. मग पुढच्या खोलीच्या खालच्या फळीकडे, जिथे वर्गाच्या वह्या आणि पुस्तकं असतात, तिकडे उजवा हात जेमतेम वर उचलला.

"वाढेल अजून," ते म्हणाले. "ते वर ठेव. न जाणो."